इस्तरबाई गप्प राहिल्या

फेब्रुवारी सरत आला की मुदखेडच्या रस्त्यावरून कडब्याने भरलेले ट्रॅक्टर जायला लागतात. माझं शिलाईचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. ट्रॅक्टर गेला की कडब्याची बारीक पानं तरंगत दारातून आत येतात. मशीनवर, कापून ठेवलेल्या ब्लाउजपीसवर, माझ्या केसांवर बसतात. वाळलेल्या ताटांचा गोडसर, धुळकट वास दुकानभर होतो. माप द्यायला आलेल्या बायका खोल श्वास घेतात आणि म्हणतात, "सुगी आली गं बाई." त्यांना माहेरचं शेत आठवतं, खळ्यावरच्या राशी आठवतात. माझा मात्र हात कापडावरच राहतो. मशीनवरचा पाय थांबतो. कुणी विचारलं, "काय झालं ताई?" तर मी म्हणते, "काही नाही, कचरा गेला डोळ्यात."

सोळा वर्षं झाली त्या सुगीला. त्या वर्षी आमच्याकडे ज्वारी अशी आली होती की अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून नुसते बघत राहायचे. माणसाएवढी ताटं, मुठीएवढी कणसं. घरात कुणी गेलं नाही, कसला तंटा झाला नाही. बाहेरून बघणाऱ्याला आमचं घर त्या वर्षी सुखातच दिसलं असणार. आणि आत मी नि माय, दोघी श्वास धरून दिवस ढकलत होतो.

आमचं गाव देवणी तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. मी तेव्हा वीस वर्षांची होते. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. जानेवारीत शेतात हुरड्याला चुलत्याच्या घरचे सगळे आले होते. आगटीत गोवऱ्यांचा लालबुंद विस्तव होता. भाजलेलं कणीस विस्तवातून काढायचं आणि गरम असतानाच हातावर मळायचं. चटके बसतात, म्हणून सगळे हुळहुळ करत कणीस या हातातून त्या हातात टाकत होते, बोटांवर फुंकर घालत होते, हसत होते. मी मात्र एकामागून एक कणसं शांतपणे मळत होते. काकू म्हणाली, "वैजूचे हात लोखंडाचे हायत की गं."

सगळ्यांबरोबर मीही हसले. मग मला वास आला. भाजक्या दाण्यांचा नव्हे, दुसराच. मी डावा हात पालथा केला. करंगळीच्या कडेची कातडी पांढरी होऊन सोलली होती आणि तिला एक ठिणगी अजून चिकटलेली होती. मी ती उजव्या हाताने झटकली. दुखत नव्हतं. अजिबात दुखत नव्हतं.

मान वर केली तर माय माझ्याचकडे बघत होती. तिच्या हातातली चटणीची वाटी तिरपी झाली होती आणि चटणी जमिनीवर सांडत होती. तिने वाटी खाली ठेवली. पदर ओढून घेतला, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझा हात आपल्या पदराखाली घेतला.

मला नंतर कळलं की तिला तेव्हाच उमगलं होतं. तिच्या माहेरच्या गावात एक म्हातारा गावाबाहेर छपरात राहायचा. त्याची बोटं झडलेली होती आणि बायका त्याला लांबून भाकरी ठेवायच्या. लहानपणी माय त्याला बघून पळायची. त्या दिवशी घरी आल्यावर तिने दार लावून माझे हात, दंड, पाठ सगळं पाहिलं. पाठीवर आणि दंडावर फिकट चट्टे होते, एकूण सात. मला ते उन्हाने पडल्यासारखे वाटत होते. माय एकेका चट्ट्यावर नख टोचायची आणि विचारायची, "लागलं का?" चार ठिकाणी मी "न्हाई" म्हणाले. पाचव्यांदा ती विचारायचीच थांबली.

सरकारी दवाखान्यात याच आजाराच्या गोळ्या मिळतात, हे आम्हाला ठाऊक होतं. भिंतीवर तसं रंगवलेलंही होतं. पण तिथे कामाला असलेली बाई आमच्याच भावकीतली. माय म्हणाली, "ती चांगली हाय, पण तिला तोंड हाय." मग राहिला बुधवारचा दवाखाना.

ओढ्यापलीकडच्या गावात दर बुधवारी मिशनची जीप यायची. ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत दुपारपर्यंत पेशंट बघायचे. डॉक्टर एस्तेर मूळच्या तमिळनाडूच्या. आमच्याकडे त्यांची इस्तरबाई झाली होती. पन्नाशीच्या आतबाहेर, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मराठी त्या पेशंटांकडूनच शिकल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या तोंडी पुस्तकी शब्द नव्हतेच, आमचंच बोलणं होतं. फक्त कुठे 'चा' लावावं आणि कुठे 'ची' याचा गोंधळ व्हायचा. त्यांच्यासोबत योसेफमामा असायचे. ते नांदेडकडचे, आपलेच मराठी माणूस. जीप चालवायचे, केसपेपर लिहायचे आणि गोळ्याही द्यायचे. आल्यावर दोघं जीपच्या सावलीत मिनिटभर डोळे मिटून उभे राहायचे आणि मग काम सुरू. तेवढ्या एका मिनिटावरून दोन्ही गावांत किती गोष्टी रचल्या गेल्या होत्या! तिथे गेलं की गोळीतून काहीतरी देतात, माणसाचं मन फिरवतात, असं काही जण म्हणायचे. जे म्हणायचे त्यांच्याही घरच्या बाळंतिणी रांगेत असायच्या. खोकला, ताप, डोळे, पोटुशी बाई, सगळे एकाच रांगेत. म्हणूनच मायला ती जागा बरी वाटली. कोण कशासाठी आलंय हे रांगेवरून कळत नसे.

पहिल्या बुधवारी इस्तरबाईंनी माझं कोपर हातात घेतलं आणि आतल्या बाजूची नस बोटांखाली हलकेच फिरवली. ती दोरीसारखी जाड झाली होती. मला कळ आली. मला आठवतं, त्या कळेने मला केवढं बरं वाटलं होतं.

"कुष्ठरोग हाय," त्या म्हणाल्या. "घाबरायचा न्हाई. बारा महिने गोळ्या घेतल्या की जातो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला होत न्हाई. पण नस सुजली हाय, म्हणून दर बुधवारी यायचा. बोटं वाकडी होऊ द्यायची न्हाईत आपल्याला."

माय खाली बसली. मग तिने हात जोडले. "बाई, पोरीचं लग्न ठरवून राहिलो आमी. कुणी इचारलंच तर रक्त वाढायच्या गोळ्या हायत म्हणा. येवढं करा."

"न्हाई आई."

"एवढ्या एका शब्दाचं काय हाय?"

"कुणीबी विचारलं तर मी कायच सांगणार न्हाई. खरं न्हाई आणि खोटंबी न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सांगायचं तर तूच सांगणार. दुसरं कुणी न्हाई."

मायला ते पटलं नाही. परत येताना ओढ्यात पाय बुडवून ती म्हणाली, "डॉक्टर हाय, पण अडाणी हाय बाई."

अण्णांना आम्ही काही सांगितलं नाही. अशक्तपणा आहे, एवढंच त्यांना माहीत. ते तापट होते. जीव लावायचे, पण बोलणं मोजकं. मी मोठी झाल्यापासून त्यांनी माझ्या डोक्यावरूनही हात फिरवला नव्हता. गोळ्यांची पाकिटं माय हरभऱ्याच्या डब्यात खाली दडवून ठेवायची. महिन्यातून एकदा मोठी गोळी घेतली की लघवी लाल व्हायची. त्या दिवशी मी उजाडायच्या आत शेतात निघून जायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. रोज संध्याकाळी दाराची कडी लावून भिंतीकडे तोंड करून गोळी गिळायची. इतकी वर्षं झाली, तरी पाणी पिताना मी आजही नकळत भिंतीकडे वळते.

फेब्रुवारीच्या शेवटी काढणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात कंधारकडचं स्थळ आलं. मुलाचं नाव दिगंबर. नांदेडला एका खाजगी शाळेत शिक्षक. सोबत त्याचा मामा होता. मामा बोलका, सगळे प्रश्न तोच विचारत होता. मुलगा कमी बोलला. मी चहा ठेवला तेव्हा तो "थँक्यू" म्हणाला आणि आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच ऐकल्यामुळे अण्णा चमकून बघायला लागले. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत आहे, पाडव्यानंतर सुपारी फोडू.

घरात आनंद झाला. त्याच सुमाराला मी काळवंडायला लागले. त्या गोळ्यांनी रंग काळपट होतो, पुढे जातो, हे इस्तरबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. गाल तांबूस काळे झाले, मग कपाळ, मग हात. माय दूध-बेसन लावायची, मी ते धुवायची आणि खालून तोच रंग वर यायचा. शेजारणी म्हणायच्या, "उनात काम करते पोरगी, आता बसवा की घरात." माय म्हणायची, "हाव की, ऊनच लई हाय औंदा." बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही.

मार्चच्या मध्यावरचा तो बुधवार. मी रांगेत अकरावी होते. पुढे एक पोटुशी बाई, मागे खोकणारे एक आजोबा. त्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. आतलं बोलणं बाहेर ऐकू जायचं म्हणून इस्तरबाई पेशंटशी अगदी हळू बोलायच्या. योसेफमामा कुणालाही नावाने हाक मारत नसत. "पुढचे या," एवढंच म्हणत.

रांग बाजूला सारत एक माणूस थेट आत गेला. मी आवाज ओळखला. दिगंबरचा मामा. त्याच गावात त्याचे कुणी सोयरे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"मॅडम, एकच इचारायचं हाय. पलीकडच्या गावची एक पोरगी दर बुधवारी तुमच्याकडं येऊन राहिली. आमच्या भाच्याला केलीय ती. कशापायी येते?"

इस्तरबाईंचा आवाज आला. "मी पेशंटचं कुणालाच सांगत न्हाई."

"तसं न्हाई वो. लोकं दोन गोष्टी बोलून राहिले. कुणी म्हणतं ती तुमच्या देवाचं करायला लागली. कुणी म्हणतं पोरीला मोठा रोग हाय. तुमी नुसतं सांगा, साधं अशक्तपणाचं काही हाय ना? मंग मी निघतो. आमाला बी हे लग्न व्हावंच वाटतंय."

सगळी रांग पडद्याकडे कान देऊन होती. खोकणाऱ्या आजोबांनीसुद्धा खोकला दाबून धरला होता. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि मनात एकच शब्द म्हणत राहिले. रक्त म्हणा. रक्त म्हणा. रक्त म्हणा.

आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. मग इस्तरबाई म्हणाल्या, "तुमी बाहेर चला. माझे पेशंट थांबलेत."

"मंग हाय म्हणायचं काहीतरी," मामा म्हणाला. त्याचा आवाज आता उतरला होता. "नसतं तर न्हाई म्हणल्या असत्या."

पडदा सारून तो बाहेर आला. रांगेवरून नजर फिरवत चालला होता. माझ्यापाशी आला आणि थांबला. मी मान वर केली नाही, त्याचे बूट तेवढे दिसले. थोड्या वेळाने ते बूट निघून गेले.

माझा नंबर आला तेव्हा मी आत जाऊन बसलेसुद्धा नाही. "एक शब्द, बाई," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. "नुसता एक शब्द. तुमचं काय गेलं असतं?"

इस्तरबाई पेल्यात पाणी ओतत होत्या आणि पाणी पेल्याबाहेर टेबलावर पडत होतं. मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि तशीच बाहेर पडले.

पुढचे दोन बुधवार मी गेले नाही. गोळ्याही घेतल्या नाहीत. राग कुणावर होता ते मला सांगता येणार नाही. त्यांच्यावर, त्यांच्या देवावर, स्वतःच्या हातावर. कंधारहून काहीच निरोप येत नव्हता आणि अण्णा रोज विचारायचे, "पावणे कामून गप्प हायत?" कोपर ठणकायला लागलं. विळ्याने ताटं कापताना डावी करंगळी सरळ होईना. ती जराशी आत वळून राहायची, मी उजव्या हाताने ती सरळ करायची आणि ती पुन्हा वळायची. माय बघायची आणि तोंड फिरवायची. इस्तरबाईंना घरी बोलवावं तर जीप दारात उभी राहिली की सगळ्या गावाला कळणार. बहुधा त्यांनाही तेच कळत असावं.

तिसऱ्या बुधवारी दुपारी आमच्या शेताकडेच्या बाभळीखाली जीप थांबली. इस्तरबाई उतरल्या, सावलीत रुमाल अंथरून बसल्या आणि डबा उघडला. योसेफमामा दुसऱ्या बाजूला पाठ करून जेवायला बसले. रस्त्याच्या कडेला कुणी जेवायला बसलं तर कुणाला काय वाटणार? त्यांनी मला हाक मारली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मांडीवर मात्र ते पाकीट होतं.

मी अर्धा तास तशीच कापत राहिले. मग कळशी घेऊन गेले. जेवणाऱ्याला पाणी विचारायला तर कुणाची ना नसते.

"तुमच्या देवानं सांगितलंय का, खोटं बोलायचं न्हाई म्हणून?" मी विचारलं.

"देवानं सांगितला हाय," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी जिभेवर आला होता, वैजू. 'रक्त'. इथं आला होता." त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "मग तुझ्या पुढं रांगेत ती पोटुशी बसली होती ना, तिची आठवण झाली. तिलाबी एक गोष्ट लपवायची हाय. तुझ्यामागच्याला वेगळी. मी तुझ्यासाठी 'रक्त' म्हणाले असते आणि उद्या तिच्या सासूनं विचारल्यावर गप्प राहिले असते, तर काय झाला असता? माझा गप्प राहणंच बोलला असता. मला सगळ्यांसाठी गप्प राहावं लागतो. एकीसाठी बोलले की बाकीच्यांचं झाकण उघडतो."

मला ते लगेच पटलं असं नाही. पण त्यांचा चेहरा बघितला. डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि डब्यातला भात तसाच होता.

"मला झोप न्हाई आली," त्या म्हणाल्या. "तुझं लग्न मी मोडलं का, हेच डोक्यात." मग एकदम म्हणाल्या, "तुझी हात दाखव."

मी हात पुढे केला. करंगळी बघितल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले नाहीत, पण त्या काय करत होत्या ते मला कळलं आणि मी हात मागे घेतला नाही. गोळी त्यांच्यासमोरच घेतली, माझ्याच कळशीतल्या पाण्याने, रस्त्याकडे तोंड करून.

त्याच शनिवारी दिगंबर आला. एकटा, मोटरसायकलवर. अण्णा देवणीला बाजाराला गेले होते. मी आणि माय खळ्यावर होतो. मायने तांब्या दिला आणि ती कणसं सारखी करायच्या निमित्ताने जरा लांब गेली, पण ऐकू येईल इतपतच.

"मामा काहीबाही सांगतायत," तो म्हणाला. "मला तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं."

मला मामाच्या बुटांची आठवण झाली, इस्तरबाईंच्या न खाल्लेल्या भाताची झाली. आणि मी तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. "मला रगतपिती हाय. कुष्ठरोग. गोळ्या चालू हायत."

मायच्या हातातलं काम थांबलं. दिगंबर अर्धं पाऊल मागे सरकला. आपण मागे सरकलो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो पुन्हा होता तिथे येऊन उभा राहिला. त्या माणसाची मला आजही जी आठवण येते ती त्या परत आलेल्या अर्ध्या पावलाची.

"मला डॉक्टरांशी बोलायचंय," तो म्हणाला. "तुम्ही सोबत असाल तर."

पुढच्या बुधवारी तो आला. इस्तरबाईंनी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "सांगू?"

"सांगा," मी म्हणाले.

मग त्या पंधरा-वीस मिनिटं बोलल्या. काहीच झाकलं नाही. त्याने तीन गोष्टी विचारल्या. पसरतं का, पुढे लेकरांना होतं का, पुन्हा उलटतं का. त्यांनी सांगितलं, गोळ्या सुरू झाल्यावर पसरत नाही. आईबापाच्या रक्तातून लेकरांत उतरत नाही. पुन्हा होणं फार क्वचित, आणि झालंच तर पुन्हा औषध आहे. तो मान हलवत ऐकत होता, वर्गात एखादा हुशार मुलगा ऐकतो तसा.

बाहेर लिंबाखाली तो बराच वेळ किल्लीशी चाळा करत उभा राहिला. "डोक्याला पटलंय सगळं," तो म्हणाला. "पण घरी आई आहे. मी तिच्यापुढे टिकणार नाही. माझ्यात तेवढा दम नाही. खोटं सांगून तुम्हाला नेलं आणि मग तिथे तुमचे हाल झाले तर..." त्याने किल्ली मुठीत आवळली. "हे माझ्यापाशीच राहील. मामालाही कळणार नाही. एवढं मी करू शकतो."

चार दिवसांनी निरोप आला. मुलाने नकार दिला आहे. मुलगी काळी आहे म्हणे.

सगळ्या गावात झालं. वैजू काळी म्हणून मोडलं. मामालाही तेच सांगितलं होतं, वर रोगबिग काही नाही म्हणूनही, आणि भाच्याच्या नखऱ्यांना शिव्या घालत त्यानेच ते पसरवलं. बायका हळहळल्या, कुणी तोंडावर "उनात कशाला राबवलंत पोरीला" म्हणून मायला बोलून गेल्या. मी सगळं ऐकून घेतलं. खोटं होतं, मला झोंबत होतं, आणि त्याच खोट्याखाली मी सुखरूप होते. एका माणसाने माझ्यासाठी खोटं बोलायचं नाकारलं होतं, दुसरा माझ्यासाठी खोटं बोलून बसला होता. दोघांचेही उपकार कुठे मांडावेत, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

अण्णांना मात्र हे सोसलं नाही. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधायला बसले. "कंधारला जातो," म्हणाले. "भर चौकात इचारतो. पसंत करताना डोळे कुठं गेलते? माझ्या लेकीला काळी म्हणतो? त्याच्या शाळेत जातो, पोरांपुढं इचारतो."

माय "जाऊ द्या हो, जाऊ द्या" म्हणत मागे मागे फिरत होती. ते ऐकणारे नव्हते. ते दारापर्यंत पोचले आणि मी दारात जाऊन उभी राहिले. मला त्या माणसाचा चेहरा दिसत होता, वर्गात उभा, समोर पोरं, आणि अण्णा ओरडतायत. तो तिथेही काहीच बोलला नसता, याची मला खात्री होती.

"अण्णा, तो खोटं बोलला. माझ्यासाठी."

"सरक."

"मला रगतपिती हाय, अण्णा. त्याला ठावं होतं. त्यानं झाकलं."

फेट्याचं टोक त्यांच्या हातात होतं ते तसंच राहिलं. त्यांनी मायकडे बघितलं. माय रडायला लागली, आणि तिच्या रडण्यावरून त्यांना कळलं की हे खरं आहे आणि जुनं आहे. ते उंबऱ्यावरच बसले. मी सगळं सांगितलं, हुरड्यापासून. मध्ये ते एकदाच बोलले. "आगटीपाशी मी समोरच बसलो होतो की," म्हणाले. "मला दिसलं न्हाई."

उन्हं ओसरीवर आली. मला वाटलं आता ते मायवर ओरडतील, किंवा मला घराच्या मागच्या खोलीत राहायला सांगतील. त्या दोन्ही गोष्टींची मी मनातून तयारी केली होती. अण्णांनी फेटा सोडला आणि गुडघ्यावर ठेवून घडी घालायला लागले.

"बुधवार कधी हाय?" त्यांनी विचारलं.

पुढच्या हकिगतीत सांगण्यासारखं फार नाही. बारा महिने पुरे झाले. रंग हळूहळू उजळला. करंगळी थोडी वाकडी राहिली, पण ती सुई धरायच्या आड येत नाही. शिलाई मी त्यानंतरच शिकले. सव्वीसाव्या वर्षी माझं लग्न झालं. ह्यांना मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. ते रेल्वेत गँगमन होते. म्हणाले, "माझ्या पायाला खिळा घुसला होता तेव्हा सहा महिने इलाज चालला. तुझा बारा महिने. होतं." इस्तरबाई काही वर्षांनी तमिळनाडूला परतल्या आणि बुधवारची जीप बंद झाली. बारा महिन्यांत त्यांनी मला गोळ्यांशिवाय, मलमाशिवाय आणि एका मऊ पट्टीशिवाय काही दिलं नाही, हे मी 'त्या मन फिरवायच्या का' असं विचारणाऱ्यांना अजून सांगते.

पण त्या सुगीचं म्हणून जे माझ्याजवळ उरलंय ते अण्णांनी फेटा सोडला त्यानंतरच्या बुधवारचं. अण्णा माझ्यासोबत ओढा ओलांडून आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, लग्नाला निघाल्यासारखे. रांगेत माझ्याशेजारी उभे राहिले. ओळखीचे लोक होते. कुणीतरी विचारलंच, "अण्णा, तुमचं काय दुखून राहिलं?"

"माझं काय न्हाई," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "लेकीसंगं आलोय."

मग आमचा नंबर आला. आत इस्तरबाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी माझा हात उघडून दाखवला आणि सांगितलं, इथे हिला कळत नाही, इथेही नाही. भाजलं, कापलं, काटा रुतला तरी हिला समजणार नाही. म्हणून रोज कुणीतरी हात नीट बघायचे.

"मी बघीन माझे," मी म्हणाले.

"मी बघतो," अण्णा म्हणाले.

आणि त्यांनी ते केलं. माझं लग्न होऊन मी मुदखेडला येईपर्यंत, सहा वर्षं. शेतातून आले, हातपाय धुतले की ओसरीवर बसायचे आणि म्हणायचे, "आण इकडं." एकेक बोट धरून, नखांच्या कडा बघून, बेचक्यात बघून, उलटं-सुलटं करून ते हात तपासायचे. मध्येच कुठे बारीक काटा दिसला की चष्मा मागायचे.

"दुखतंय का?"

"न्हाई, अण्णा."

"मंग मलाच बघावं लागल," असं म्हणून ते पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचे.